बुधवारचा अपवाद

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (सध्या साष्टांग म्हणजे डोकं, दोन हात आणि डावा गुडघा. बाकीची अंगं वाकायला तयार नाहीत. ती कबूल झाली की उरलेला नमस्कार पाठवतो.) तुझा खोकला कसा आहे? औषध तू स्वतः घेतेस की अजून खिडकीतल्या कुंडीलाच घालतेस? मागच्या खेपेला ते झाड फारच टवटवीत दिसलं होतं, म्हणून विचारतो. आतोबांना नमस्कार सांग. त्यांचा गुडघा, त्यांचं ऐकण्याचं यंत्र आणि त्यांचं माझ्याबद्दलचं मत, या तिन्हींपैकी कशात सुधारणा झाली असेल तर कळव.

हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि आतोबा मध्येच हसतात. हे प्रकरण हसण्यासारखं नाही. तेव्हा आधी बस, पाणी पी आणि मग वाच. मी ही नोकरी सोडतोय. पहिल्या तीन नोकऱ्या सोडल्या त्यात चूक माझी होती हे मी आता मान्य करतो (दुसरीच्या वेळी नव्हती, पण तो विषय नको). ही चौथी लागली तेव्हा तू मला दारात उभं करून बजावलं होतंस, की ही टिकवलीस तरच तोंड दाखवायला ये, नाहीतर या घराचा पत्ता विसर. मी तुझ्याच हाताखाली वाढलोय, त्यामुळे तू बोलतेस ते करतेस हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिल्यापासून लिहितो, म्हणजे निकाल देताना तुझ्यापुढे सगळी बाजू असेल.

आमचा गट विद्यापीठाने काढला तो एका चांगल्या हेतूने. क्वांटम सिद्धांत एकीकडे आणि रोजच्या वापरातली यंत्रं दुसरीकडे, या दोघांना जोडायचं, असा तो हेतू. हेतूत खोट नाही. खोट अशी, की सिद्धांतवाल्यांना चौथा मजला दिला आणि यंत्रवाल्यांना तळघर. वरच्यांचे प्रमुख म्हणजे गृहीतसर. (नाव वेगळं आहे, पण ते प्रत्येक वाक्य 'आपण असं गृहीत धरू' इथून सुरू करतात. एकदा मी वेळ विचारली तर म्हणाले, आपण असं गृहीत धरू की तुमचं घड्याळ बरोबर आहे.) खालच्यांच्या प्रमुख पितळबाई. त्यांच्या प्रयोगशाळेत लोखंडाचा कण चालत नाही, म्हणून पान्यापासून कात्रीपर्यंत सगळं पितळी. सुरुवातीला हे दोघे एकमेकांना ईमेल पाठवत. त्या ईमेलींचा सूर असा होता, की शेवटी विद्यापीठाने लेखी हुकूम काढला: यापुढे वरचं खाली आणि खालचं वर फक्त कागदावर जाईल, आणि ते नेण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला जाईल. त्या माणसाच्या टेबलावर 'संपर्क समन्वयक' अशी पाटी आहे. टेबल दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या वळणावर आहे, कारण ते कुठल्याच खोलीत कुणी घेईना. आत्या, तो माणूस मी. सिद्धांत आणि तंत्रज्ञान यांमधला पूल म्हणतात तो हाच, आणि त्याला दिवसातून दोनदा ब्याण्णव पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात.

लिफ्ट नाही का, असं तू विचारशीलच. आहे. चांगली आरशाची आहे. पण लिफ्ट लोखंडाची असते, ती हलली की खालचं यंत्र बिथरतं, म्हणून पितळबाईंनी ती कायमची बंद करून घेतली. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता यंत्र. दिसायला तो डबा आहे, साधारण तुझ्या शिवणाच्या डब्याएवढा. आत हिऱ्याचा एक कण आहे. (खरा आहे. पण मोहरीपेक्षाही बारीक आहे, तेव्हा आशा ठेवू नकोस.) त्या हिऱ्यात मुद्दाम एक बारीकशी जागा मोकळी ठेवलेली असते आणि तिच्यावर हिरवा प्रकाश टाकला की आसपास किती चुंबकत्व आहे ते तिला कळतं, इतकं बारीक की इतर कुठल्या यंत्राला जाणवणारही नाही. उद्या याच डब्याने माणसाला हात न लावता त्याचं हृदय तपासता येईल, असं सगळे म्हणतात. उद्या. दोन वर्षं झाली, डबा पडद्यावर एक सरळ रेघ काढत होता आणि बाकी काही करत नव्हता. वरचे म्हणत, आमचा सिद्धांत बरोबर आहे, यांना डबा बनवता येत नाही. खालचे म्हणत, डबा उत्तम आहे, यांचे आकडे चुकलेत. दोन्ही निरोप मीच पोचवायचो, सभ्य भाषेत करून. त्या भाषांतरातच माझी निम्मी ताकद जायची.

रीत अशी होती. सकाळी अकराला आणि दुपारी चारला गृहीतसर पेन्सिलीने नवे आकडे लिहून देत. मी ते घेऊन खाली जायचो. प्रयोगशाळेच्या दारात एक लाकडी पेटी आणि एक वही. आत जाणाऱ्या प्रत्येकाने किल्ल्या, घड्याळ, फोन, नाणी, पट्ट्याचं बक्कल, केसातल्या पिना सगळं पेटीत ठेवून वहीत सही करायची. पितळबाई स्वतः चष्म्याचे स्क्रू तपासतात. एका पाहुण्या प्राध्यापकांना पँट हाताने धरून दोन तास उभं राहावं लागलं, पण नियम म्हणजे नियम. मला मात्र हा नियम नव्हता, कारण मी आत जाणारा माणूस नव्हतोच. मी दाराशेजारच्या छोट्या खिडकीतून कागद द्यायचा, आतून पोच मिळेपर्यंत तिथेच उभं राहायचं आणि परत चढायचं. मी वरच्यांच्या हजेरीत नाही, खालच्यांच्या वहीत नाही. खिडकीपासून डबा चार पावलांवर. हेही लक्षात ठेव.

दोन महिन्यांत माझ्या कमरेने हात टेकले. तुला फोनवर सांगितलं आणि आठव्या दिवशी तुझं पार्सल आलं: तो कापडी पट्टा, आत शिवलेल्या बारा चुंबकी चकत्या आणि तुझ्या अक्षरातली सूचनांची चिठ्ठी. सदऱ्याच्या आतून बांधावा. दिवसभर काढू नये. कुणाला दाखवू नये, हसतील. आठवड्यातून एकदा धुवावा आणि पूर्ण दिवस सावलीत वाळवावा, ओला कदापि घालू नये. मी यातलं एक अक्षर मोडलं नाही. आमच्या इमारतीतलं कपडे धुण्याचं मशीन माझ्या वाट्याला मंगळवारी संध्याकाळी येतं, म्हणून पट्टा मंगळवारी धुवायचा, बुधवारी दोरीवर, गुरुवारी कमरेला. आणि खरं सांगतो आत्या, चार दिवसांत कंबर ठणठणीत झाली.

नेमकं त्याच आठवड्यात डब्याला वाचा फुटली. मी कागद दिला, आतल्यांनी आकडे भरले आणि पडद्यावरची सरळ रेघ उचलली गेली. चांगला ठसठशीत उंचवटा. मी पोच घेऊन जिना चढायला लागलो आणि उंचवटा ओसरला. चारच्या फेरीला पुन्हा तेच. नवा सिद्धांत खाली आला की यंत्र दाद देतं आणि थोड्या वेळाने शांत होतं, असा त्याचा अर्थ निघाला. दोन वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं त्या दिवशी जिन्यात भेटली, माझ्याच टेबलापाशी, माझ्याच खुर्चीवर हात ठेवून. गृहीतसरांनी त्याला 'सुसंवाद परिणाम' असं नाव दिलं. मी केकचे दोन तुकडे खाल्ले. मला काय माहीत, आत्या. मी वाणिज्य शाखेचा.

पण बुधवारी उंचवटा येईना. सोमवारी येतो, मंगळवारी येतो, बुधवारी डबा ढिम्म, गुरुवारी पुन्हा जोरात. इथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो आजपर्यंत उतरलेला नाही. खालच्यांनी बुधवारी इमारतीत काय वेगळं घडतं याची यादी करायला मलाच बसवलं. मी सगळे मजले हिंडून सव्वीस गोष्टी लिहिल्या: कोण फरशी पुसतं, कोण रद्दी नेतं, कुठला घसा साफ न होणारा प्राध्यापक कुठल्या वर्गात शिकवतो. पितळबाईंनी सव्वीसच्या सव्वीस गोष्टी एकेक करून बंद पाडल्या. तीन आठवडे बुधवारी कुणी फरशी पुसली नाही, घंटा वाजली नाही, आणि त्या प्राध्यापकांना रजा देऊन घरी बसवलं. तरी बुधवार तो बुधवारच. वर गृहीतसरांचं वेगळंच चाललं होतं. त्यांना बुधवार आवडला. त्यांनी गणिताने सिद्ध केलं, की सात दिवसांच्या फेऱ्यात यंत्राला एक दिवस थकवा येणारच, आणि तो बुधवारी यावा हे अपरिहार्य आहे. एकूण लेख एक्केचाळीस पानांचा झाला, त्यातली चौदा पानं निव्वळ बुधवारवर. ती चौदा पानं मी खाली नेली, खालच्यांचे आक्षेप वर आणले, आक्षेपांवरची उत्तरं खाली नेली. कंबर पट्ट्याच्या जोरावर टिकून होती. फक्त बुधवारी ठणकायची.

अशात तपासणी समितीचं पत्र आलं. गट चालू ठेवायचा की गुंडाळायचा ते समिती प्रत्यक्ष पाहून ठरवणार. गुंडाळला तर वरचे आपल्या जुन्या खात्यात जातील, खालचे आपल्या. पूल कुठे जाणार? माझी नेमणूक एका वर्षाची, त्यातले दोन महिने उरलेले. मी तुझं दार आठवलं आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आणि समितीने दिवस कुठला दिला असेल? बुधवार. गृहीतसरांनी दिवस बदलून मागितला, समितीने नकार दिला. तेव्हा त्यांनी ठरवलं, की आपण आधीच सांगायचं, आज उंचवटा येणार नाही, आणि तो आला नाही की सिद्धांत खराच ठरतो. दोन वर्षं डबा चालत नाही म्हणून भांडणारी माणसं आता डबा चालू नये म्हणून देव पाण्यात घालून बसली. मी कपाळावर हात मारून घेतला, पण आतल्या आत.

मंगळवारी तयारीसाठी मी चौदा वेळा जिना केला. बुधवारी सकाळी उठलो तर उठताच येईना. पट्टा दोरीवर, अर्धा ओला. मी तसाच बांधला. तू 'कदापि' लिहिलं होतंस आणि मी तो नियम मोडला, हा गुन्हा कबूल. पण समितीसमोर वाकडा जाऊन उभा राहिलो असतो तर पूल पहिल्याच नजरेत मोडका दिसला असता.

समितीत तिघेजण. दोघे मोठ्या आवाजाचे, तिसऱ्या एक म्हाताऱ्या बाई, ज्यांनी चाळीस वर्षं वजनकाट्यांच्या कारखान्यात काढली होती. सगळं लोखंड पेटीत पडलं, सह्या झाल्या, सगळे आत बसले. गृहीतसरांनी तासभर बुधवार समजावला. रेघ सरळ. ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, बघा, काहीही होत नाही, आणि पितळबाईंनी मान डोलावली. इतकं एकमत या इमारतीत कधी झालं नव्हतं. (हे मला नंतर कळलं, मी तेव्हा वर माझ्या टेबलाशी होतो.) मग त्यांना आठवलं, की समितीला लेखाच्या प्रती द्यायच्या राहिल्यात. मला निरोप आला. मी तीन प्रती घेऊन खाली उतरलो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

रेघ उचलली गेली. असा उंचवटा, की पडद्याच्या वरच्या कडेला टेकला. गृहीतसर पडद्याकडे असे बघत होते, जसं घरचंच कुणीतरी चारचौघांत अपमान करून गेलंय. मोठ्या आवाजाच्या दोघांपैकी एकाने विचारलं, आज बुधवारच आहे ना? त्या म्हाताऱ्या बाई मात्र पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या खिडकीकडे बघत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे कोण आले?"

आत्या, दहा महिन्यांत त्या इमारतीत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. आमच्या कारखान्यात काटा हलला की आम्ही आधी दार बघायचो, असं त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, पाच पावलं मागे जा. गेलो, रेघ खाली. या. आलो, रेघ वर. असं त्यांनी मला पाच वेळा नेलं-आणलं. मग त्यांनी विचारलं, कमरेला काय आहे? तेवढ्यात मला सगळं लख्ख कळलं: दोरीवरचा पट्टा, बुधवार, ती चौदा पानं. मला नाही म्हणता आलं असतं. जरा पोट सुटलंय म्हटलं असतं तर सदरा वर करा असं कुणी म्हणालं नसतं. पण लहानपणी मी बरणी फोडून गप्प बसलो होतो तेव्हा तू नुसती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होतीस, तसंच काहीसं त्या बाई बघत होत्या. मी सदरा वर केला. गटातली एकोणीस माणसं आणि समिती यांच्यासमोर तुझा फुलाफुलांचा पट्टा उघडा पडला. त्याची ओल सदऱ्यालाही लागली होती.

मी सगळं सांगितलं. मशीनची पाळी, दोरी, तुझी चिठ्ठी, सगळं. गृहीतसरांनी त्या चौदा पानांवरून हात फिरवला, जसा आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवतात. त्यांनी दहा महिने माझा जीव मेटाकुटीला आणलाय, पण त्या वेळी मला त्यांचं फार वाईट वाटलं. पितळबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, की मला वाटलं आता पितळी हातोडा माझ्या डोक्यात. मी मनातल्या मनात सामान बांधलं आणि तुझ्या घराचा पत्ताही विसरलो.

आणि त्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, या डब्याने भिंतीपलीकडून, सदऱ्याच्या आतला, शिवणीतला चुंबक ओळखला. दोन वर्षांत तुमच्या गटाने दाखवलेली कामाची गोष्ट ती हीच, आणि ती तुम्ही सात महिने रोज दोनदा बघत होतात. त्यांनी लिहून दिलं, की गट चालू ठेवावा. खाली एक अट घातली: यापुढे कागद आणणाऱ्या माणसाचंही नाव वहीत असावं.

म्हणजे सुटलो, असं तुला वाटेल. कसला सुटतोय. दुसऱ्या दिवसापासून मी 'हलता स्रोत' झालो. चार पावलांवर उभे राहा, पाचवर राहा, पाठ करा, श्वास धरा. तिसऱ्या दिवशी पितळबाईंनी पट्टाच काढून घेतला, लाकडी स्टुलावर ठेवला आणि त्याला क्रमांक दिला. आता डबा त्यावरून जुळवतात. कंबर पुन्हा पहिल्यासारखी झाली आहे. गृहीतसर आठवडाभर बोलले नाहीत, आणि आता बोलतात ते याहून वाईट: उरलेल्या सत्तावीस पानांत तथ्य आहे असं गृहीत धरू, म्हणतात, आणि आकडे पूर्वीपेक्षा जास्त वेळा पाठवतात. लिफ्ट अजून बंदच आहे. माणसाने किती सोसायचं? म्हणून मी ठरवलंय, सोमवारी राजीनामा देतो. तू रागावू नकोस, आणि रागावलीस तरी दार उघड.

तुझा,
जिन्याच्या वळणावरचा भाचा

ता. क. सोमवारी राजीनामा घेऊन वर गेलो होतो. तिथे माझ्याआधीच पत्र तयार होतं: तीन वर्षांची नेमणूक. दारातल्या वहीत पहिल्या ओळीवर माझं नाव आहे, पितळबाईंनी स्वतः लिहिलंय. मी सही करून आलो. वरचा मजकूर खोडत नाही, राग खराच होता.

दुसरा ता. क. हे आतोबांना वाचून दाखवू नकोस. डब्याने पट्ट्यातली एकेक चकती तपासली. बारापैकी एकच चुंबकाची निघाली, बाकी अकरा नुसत्या प्लॅस्टिकच्या. तुला चकत्या विकणाऱ्याला बोलायचं ते तू बोलशीलच. पण 'त्या पट्ट्यात काही दम नाही' असं आतोबा आठ महिने म्हणतायत, ते बाराव्या चकतीपुरतं चुकीचं आहे, एवढं मी विद्यापीठाच्या शिक्क्यासह लिहून देऊ शकतो.

तिसरा ता. क. खरं तर पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं. मला दुसरा पट्टा हवाय. तो घातला तेव्हा कंबर दुखायची थांबली होती, काढला तेव्हा पुन्हा धरली, आणि अकरा चकत्या खोट्या आहेत हे कळूनही मला तोच हवासा वाटतो. वरचे याचं स्पष्टीकरण द्यायला टपलेत, मी त्यांना हात जोडलेत. या खेपेला चुंबक घालूच नकोस, नाहीतर मला दारातल्या पेटीत उतरवून ठेवावा लागेल. नुसतं कापड शीव, बाराच्या बारा जागी साधी बटणं लाव, आणि ती चिठ्ठी मात्र पुन्हा तुझ्या हाताने लिहून पाठव.